नानाजींच्या तोंडी उरलेला शब्द

नालवाडीतल्या इखार सरांच्या घरात सकाळचा पहिला शब्द उमटायचा तो इंग्रजी. चहाचं आधण उकळायच्या आत आतल्या खोलीतून आवाज यायचा, "फ्यूटाइल." अनुसयाबाई हातातली गाळणी तशीच ठेवून आत धावायच्या. कधी त्याचा अर्थ लघवीला लागली असा निघे, कधी पंखा बंद कर, कधी खिडकीतलं ऊन डोळ्यांवर येतंय, आणि कधी काहीच नाही, नुसतं, कुठं आहेस तू. शब्द मात्र तोच. नानाजी इखारांजवळ एके काळी शब्दांची काय कमी होती? मराठी, हिंदी, इंग्रजी, शिवाय वडनेरच्या चावडीवर कानी पडलेल्या अस्सल वऱ्हाडी शिव्या. अर्धांगाच्या झटक्यानं सगळे नेले. चोरानं घर धुऊन न्यावं आणि खुंटीवरची मोडकी छत्री तेवढी ठेवून जावी, तसा हा एक शब्द मागं राहिला.

नानाजी वडनेरच्या शाळेत इंग्रजी शिकवत. उंच, काटक माणूस, आवाज असा की तासाला मागच्या बाकावरचं पोरगंही जांभई गिळून टाकी. त्यांच्या मुलानं, निकेशनं, वर्ध्यात कृषी केंद्र टाकलं, सून सपना घरात आली, तेव्हा रिटायर झालेले नानाजी आणि अनुसयाबाई वडनेर सोडून नालवाडीत आले.

अनुसयाबाईंचं माहेर देवळीकडचं, शिक्षण सातवी. नव्या नवरीला इंग्रजी शिकवायचा नानाजींनी घाट घातला होता. ह्या कणीक मळत असायच्या आणि ते दारात उभे राहून कणकेचं इंग्रजी सांगायचे. "मले काय विलायतेत पोळ्या विकाच्या आहे काय?" असं म्हणून त्यांनी तो वर्ग कायमचा बंद पाडला. मग त्यांनी नवऱ्याला देवाकडे वळवायचा घाट घातला. तोही तसाच बारगळला. नानाजी नास्तिक नव्हते. बायकोसोबत देवळापर्यंत येत, बाहेर चपला राखत उभे राहत, प्रसाद दोनदा मागून खात. पण तोंडानं नाव म्हणून घेत नसत.

"एकडाव राम म्हटलं तं दात पडून राह्यले काय तुमचे?"

"रिटायर झालो का घेतो. तुझा देव कुठी पळून जाऊन राह्यला?"

रिटायर झाले. मग ट्यूशनची पोरं आली, मग पेपर वाचायला सकाळ पुरेना, मग अंगणात वांगी लावली. देव आपला वाट पाहत राहिला, आणि अनुसयाबाईही.

त्यांना नवऱ्यासाठी फार काही नको होतं. माणूस कसा जगला हे देव पाहतोच, पण जाताना त्याच्या जिभेवर काय होतं हेही पाहतो, ही त्यांची लहानपणापासूनची श्रद्धा. कापूस वेचायच्या दिवसांत त्यांचे वडील अंगणातल्या बाजेवर पडले होते. "विठ्ठला" म्हणाले आणि मान कलली. आईचं कपाळ पांढरं झालं, पण त्यानंतर घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती ताठ मानेनं सांगायची, "नाव घेऊन गेले हो आमचे." तेवढंच. राम, दोन अक्षरं. ज्या माणसानं जन्मभर पोरांची तोंडं बोलती केली, त्याला दोन अक्षरं काय जड आहेत, असं त्यांना वाटे.

तान्ह्या पोळ्याला गल्लीतली लेकरं लाकडी नंदीबैल ओढत दारोदार फिरत होती. नानाजी ओसरीत खुर्ची टाकून बसले होते. बोजारा म्हणून प्रत्येकाच्या हातावर नाणं ठेवायचे, पण आधी बैलाचं स्पेलिंग विचारायचे. एका चिमुकलीला द्यायचं नाणं हातातून निसटलं. ते उचलायला वाकले ते वाकलेच. उजवी बाजू गेली. सावंगीच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला, वाचा बसली.

बरेच दिवस तोंडातून नुसती हवा निघायची. मग एका दुपारी सिस्टरनं पाण्याचा पेला टेबलाच्या पलीकडच्या टोकाला सरकवला. नानाजींनी डावा हात लांब केला, तो पोचला नाही, आणि तोंडातून स्वच्छ, वर्गात म्हणत तसा खणखणीत शब्द आला, "फ्यूटाइल."

"बोल्ले! निकेश, अरे तुझे बाबा बोल्ले!" अनुसयाबाई तिथंच ढसाढसा रडल्या. बाजूच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. निकेशच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, मग ते हसू कुठंतरी अडखळलं. आईनं पेढे आणायला सांगितले, त्यानं आणून दिले.

घरी आणल्यावर गल्लीत पेढे वाटले. कोपऱ्यावरचे किराणावाले बंडूजी पेढा तोंडाशी नेता नेता म्हणाले, "काय बोल्ले काकू, सर?" बंडूजी वडनेरच्या शाळेत नानाजींच्या हाताखाली शिकलेले.

"इंग्रजीत बोल्ले. फ्यूटाइल."

बंडूजींचा हात थांबला. पेढा त्यांनी परत कागदात ठेवला.

"काऊन, काय झालं? वाईट आहे काय तो शब्द?"

"वाईट नाई. सरांचाच आहे तो. आमी पोट्टे लय भ्यायचो त्याले." बंडूजींनी तराजू उगाचच पुसला. "म्हंजे असं पाह्य काकू, चाळणीनं पानी भरलं. भरणारानं मेहनत केली, हात दुखले, आन हाती काईच नाई आलं. ती मेहनत फ्यूटाइल. सर लय पक्के होते यात. एका पोट्ट्यानं म्हटलं, माझा पेन फ्यूटाइल आहे. सरांनी त्याले उभं केलं. म्हणे, पेन निकामी राहते, फ्यूटाइल नाई राहत. तो शब्द वस्तूले लागतच नाई. कोनी जीव तोडून करून राह्यला आन फळ नाई आलं, तवाच म्हनाचं."

अनुसयाबाईंनी पेढ्यांचा कागद दुमडला. मग हळूच म्हणाल्या, "मंग ते कोनाले म्हनून राह्यले?"

"कोनालेच नाई, काकू. बिमारीचा शब्द आहे तो. तुमी मनावर नोका घेऊ."

मनावर न घेऊन कसं चालेल? त्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याचं अंग पुसलं. फ्यूटाइल. उजव्या हाताला तेल चोळलं, बोटं एकेक करून उघडली. फ्यूटाइल. मऊ भात चमच्यानं भरवला, अर्धा ओघळला, पुन्हा भरवला. फ्यूटाइल. आदल्या दिवशीपर्यंत त्या शब्दावर त्या "हो, हो" म्हणत होत्या. आता दर वेळी कोणीतरी कानाशी येऊन व्यर्थ, व्यर्थ म्हणतंय असं झालं. आणि बंडूजींनी सांगितलेलं तर काट्यासारखं रुतून बसलं. पडून राहणाऱ्याला तो शब्द लागत नाही. लागतो तो करणाऱ्याला. या घरात करणारं कोण होतं?

दवाखान्यात बोलायचे व्यायाम शिकवणाऱ्या वर्षाली मॅडम होत्या. पोरगेलीच होती ती, पण समजुतीची. अनुसयाबाईंनी तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "काकू, त्यांना वाटतं ते पाणीच म्हणाले. कधी कधी चुकीचा शब्द आला हे त्यांच्या लक्षात येतं, पण परतवता येत नाही. आपण शब्दाकडे नाही, डोळ्यांकडे बघायचं. त्यांच्यासोबत गाणं म्हणत जा. बोलणं गेलेल्या माणसाला ओळखीच्या चालीवर एखादा शब्द सापडतो कधी कधी. पण जबरदस्ती नको हं. चारचौघांत तर मुळीच नाही. त्यांना लाज वाटते, आपल्याला दिसत नसली तरी."

अनुसयाबाईंनी यातलं गाणं तेवढं उचललं. बाकीचं कानाआड गेलं असं नाही, पण पाण्यात पडलेल्या माणसाला हाती दोर लागला की दोर किती जुना आहे हे तो पाहत नाही.

कीर्तनात त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं की एका वाटमाऱ्याला रामनाम म्हणता येईना, तेव्हा त्याला "मरा, मरा" म्हणायला लावलं, आणि त्याचंच उलटून राम झालं. पोळ्या लाटता लाटता त्यांनी हा इंग्रजी शब्द उलटा म्हणून पाहिला. सुलटा म्हणून पाहिला. मधेच तोडून, ओढून, आखडून म्हणून पाहिला. सपना ओट्याशी उभी राहून बघत होती.

"आई, काय पुटपुटून राह्यल्या?"

"काई नाई व. या शब्दात राम कुठून निघते काय पाहून राह्यली."

सपनाला हसावं की रडावं कळेना. राम काही निघाला नाही.

मग त्यांनी भजनी मंडळाला घरी बोलावलं. मंडळाच्या मुख्य रुख्माबाई, वयानं सगळ्यांत मोठ्या, आवाजानंही. सोबत शेजारच्या विमलाबाई आणि गल्लीतल्या चारदोन बायका. एकादशीच्या संध्याकाळी नानाजींना उशा लावून बसवलं, टाळ वाजू लागले. आणि खरंच, चालीबरोबर नानाजींची मान डोलली. डावा हात मांडीवर ठेका धरू लागला. ओठ हलले. अनुसयाबाई टाळ थांबवून पुढं झुकल्या. रुख्माबाईंनी हातानं खूण केली, सगळ्या जणींनी आवाज बारीक केला, नाव जवळ आलं, आणि नेमक्या समेवर, टाळांच्या ठेक्यात अगदी चपखल बसवून नानाजी म्हणाले, "फ्यूटाइल!"

विमलाबाईंचा टाळ हातातून सुटला. त्या पदरात तोंड खुपसून खुदखुदायला लागल्या.

"हसतं काय व येड्याबह्याडावानी?" रुख्माबाईंनी दरडावलं, पण त्यांचंही पोट हलत होतं. "सर, देवाच्या दरबारात इंग्रजी मिडियम नाई चालत, बाप्पा!"

त्यावर नानाजीही हसले. अर्ध्या तोंडानं, पण मनापासून. तो दिवस चांगला होता. अनुसयाबाईसुद्धा त्या दिवशी हसल्या होत्या. असंच चालू राहतं तर काय झालं असतं?

पण दसऱ्यानंतर नानाजींना ताप आला. गिळताना अन्न चुकीच्या वाटेनं गेलं होतं, छाती भरली. पुन्हा दवाखाना, पुन्हा नळ्या. डॉक्टरांनी निकेशला बाजूला घेऊन सांगितलं की यातून उठतील, पण असं परत परत होऊ शकतं, तयारी ठेवा. निकेशनं ते आईला सांगितलं नाही. आईनं ते त्याच्या चालण्यावरून ओळखलं.

त्या दिवसापासून त्यांचा धीर सुटला. घरी आल्यावर खाटेजवळ बसून त्या म्हणायच्या, "रा म्हना. नुसतं रा." नानाजी प्रयत्न करायचे. आपल्या बायकोला काय हवंय हे त्यांना पक्कं कळत होतं. कपाळावर शीर उठायची, ओठ गोल व्हायचे, आणि तेच बाहेर पडायचं. "नाई, तसं नाई. पाह्य माझ्याकडे. रा." सकाळी चहाच्या आधी, दुपारी औषधाच्या आधी, संध्याकाळी दिवा लागला की. एकदा तर पाण्याचा पेला हातात धरून त्या म्हणाल्या, "राम म्हना, मंग देतो."

निकेश दुकानातून तेव्हाच आला होता. त्यानं पेला आईच्या हातातून घेऊन बापाच्या ओठांना लावला.

"बाबा काय पोपट आहे काय, आई? पेरू दाखवून बोलवून राह्यली त्याईले!"

"तुले काय समजते रे? तुझ्या बापाची गती आहे ही. उद्या काई झालं तं तू भरून देशील काय?"

"मरू दे ना ती गती. आता तहान लागली आहे त्याईले!"

अनुसयाबाई देवघरात जाऊन बसल्या. लेकाचं चुकलं असं त्यांना वाटलं नाही. आपलं चुकलं असंही वाटलं नाही. दोन्ही बरोबर असतं तेव्हा माणसानं काय करायचं, हे कोणत्या कीर्तनात सांगितलेलं त्यांना आठवेना.

पुढच्या शनिवारी त्या मारुतीला गेल्या. नालवाडीच्या बाहेर पिंपळाखाली पार आहे, तिथला शेंदूर लावलेला मारुती. रुई वाहिली, आणि एक नवस बोलल्या. शेजारी प्रदक्षिणा घालणाऱ्या रुख्माबाईंनी तो ऐकला. "देवा, तो इंग्रजी शब्द त्याईच्या जिभेवरून उतरव. तो हाये तोवर तुझ्या नावाले जागा नाई. एक भाडेकरू निघाला का दुसरा येते. त्याले काढ, मी तुझ्या पारावर रोडग्याचं जेवन करीन."

घरी येताना त्यांना पुष्कळ दिवसांनी हलकं वाटलं. मागायचं होतं ते नेमकं मागितलं होतं.

तुळशीच्या लग्नाला अंगणात उसाचा मांडव घातला. गल्लीतल्या बायका आल्या, लेकरं आली. नानाजींना चाकाच्या खुर्चीत बसवून, अंगावर शाल घालून बाहेर आणलं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, चिवडा वाटायचा बाकी होता. रुख्माबाई खुर्चीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आज सरले सोडाचं नाई. तुळशीचं लगन आहे, सगळे देव अंगणात आहे. सर, म्हना, राम!"

"राम!" बाकीच्या जणी म्हणाल्या.

सपनानं सासूचा पदर ओढला. "आई, मॅडमनं सांगितलंतं ना, चारचौघांत नोको म्हणून."

"थांब व, थोडंच," अनुसयाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे नवऱ्याच्या ओठांवर होते. तो नवस, हा मुहूर्त, इतकी तोंडं एका नावानं भरलेली. आज नाही तर कधी?

बायका एकेक करून पुढं आल्या. "राम, सर." "म्हना सर, राम." लेकरांनाही चेव आला. तीही ओरडायला लागली, "सर, राम! सर, राम!" नानाजींनी ओठ उघडले. फ येऊ नये म्हणून त्यांनी वरचे दात खालच्या ओठापासून दूर धरायचा प्रयत्न केला, जबडा थरथरू लागला, मानेवरून घाम उतरला. त्यांनी एकदा अनुसयाबाईंकडे पाहिलं. जन्मभर ज्यानं दुसऱ्यांना उत्तरासाठी उभं केलं, तो माणूस उत्तर येत नसलेल्या पोरासारखा बघत होता. मग अगदी खालच्या आवाजात, कोणालाही उद्देशून नाही असा, तो शब्द निघाला. मागं कुठंतरी कोणी फिस्सकन हसलं. वाईट मनानं नव्हे, हसू येतं तसं. नानाजींनी डावा हात उचलला आणि आपल्याच तोंडावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुसयाबाई चहा टाकून उभ्या होत्या. चहा उतू गेला, गॅस विझला, तरी त्या उभ्याच. काय चुकतंय हे त्यांना कळेना. मग एकदम ध्यानात आलं की आतून हाकच आली नाही. धावत गेल्या. नानाजी उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत पडले होते. खालची चादर ओली होती. त्यांनी हाक मारली नव्हती.

त्या दिवशी शब्द नाही, दुसऱ्या दिवशी नाही. दवाखान्यात नेलं, पुन्हा फोटो काढले. डोक्यात नवीन काही नाही असं डॉक्टर म्हणाले. वर्षाली मॅडमनं नानाजींचा हात हातात घेऊन बराच वेळ गोड गोड बोलून पाहिलं. ते तिच्याकडे बघत होते, सांगितलेलं कळत होतं, डोळे मिट म्हटलं की मिटत होते. तोंड तेवढं बंद.

"घरी काही झालं होतं का, काकू?"

अनुसयाबाईंनी नवऱ्याच्या अंगावरची शाल सारखी केली. सपना पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"आजारानंच झालं असेल असंही असू शकतं," ती पोरगी म्हणाली. "आणि कधी कधी माणूस थकतो. दर वेळी चुकणार हे माहीत असलं की बोलणंच सोडून देतो. यातलं नक्की कोणतं, हे मला सांगता येणार नाही."

नक्की कोणतं, हे कोणालाच सांगता येणार नव्हतं. ज्याला सांगता आलं असतं त्यानं तोंड मिटलं होतं.

मग सुरू झाले ते दिवस, की जे अनुसयाबाईंनी स्वप्नातही मागितले नसते. घरात आवाज म्हणून उरला नाही. आता पंखा नको झाला की ऊन डोळ्यांवर आलं, हे ओळखायचं कसं? शब्द एकच होता, पण तो शंभर तऱ्हांनी येत असे. लांबवला की पाणी, तोडला की चिडलेत, शेवट वर गेला की नातवंड शाळेतून आलं का. हे सगळं आपल्याला येत होतं, हे त्यांना तेव्हा कळलंच नव्हतं. सातवी शिकलेली बाई एका इंग्रजी शब्दाचे शंभर अर्थ शिकली होती, आणि तो शब्द जावा म्हणून मारुतीच्या दारी गेली होती.

एका दुपारी त्या खाटेवर त्यांच्याजवळ बसल्या. उजवा हात मांडीवर घेऊन तेल चोळता चोळता म्हणाल्या, "राम नोका म्हनू. मी नाई म्हनाले लावत आता. तुळशीची शप्पथ. तुमचाच म्हना. तोच म्हना ना, अवो."

नानाजींनी नजर वळवली, भिंतीकडे.

त्या तशाच उठून बंडूजींच्या दुकानात गेल्या. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "बंडूजी, तो शब्द मले नीट म्हनून दाखवा बरं."

बंडूजींनी म्हणून दाखवला. त्यांनी म्हटला. बंडूजींनी पुन्हा सांगितलं. दुकानात उभी राहून ही साठी उलटलेली बाई शाळेतल्या पोरीसारखी घोकत होती आणि तो माणूस वजनकाट्याकडे बघत बघत शिकवत होता, कारण तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

घरी आल्या. नवऱ्याच्या तोंडासमोर तोंड नेलं आणि म्हणाल्या, "फुटायल." मुद्दाम चुकीचं म्हणाल्या की चुकूनच तसं निघालं, त्यांचं त्यांनाही ठाऊक नसेल. उभ्या जन्मात या माणसानं कोणाचा चुकीचा उच्चार सोडला नव्हता. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला थांबवून त्यानं आइस्क्रीम म्हणायला शिकवलं होतं. "फुटायल," त्या पुन्हा म्हणाल्या. "चुकलं काय? सांगा ना. कसं म्हनाचं?"

नानाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं की म्हातारपणाची नेहमीची ओल, कोण सांगणार? ओठ हलले नाहीत.

मार्गशीर्ष लागला. एके दिवशी रुख्माबाई ओसरीत येऊन बसल्या. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, मग त्यांनी पदर सावरला. "अनुसयाबाई, बोलू नये पन बोलतो. मारुतीचे रोडगे राह्यले तुमचे."

"कायचे रोडगे?"

"मी होती ना तिथी, प्रदक्षिणा घालून राह्यली होती. तुमी म्हटलं, तो शब्द उतरव. उतरवला ना त्यानं? देवानं आपलं काम केलं. नवस तटवून ठेवू नये, माय. घरात बिमार मानूस आहे."

अनुसयाबाई ओसरीच्या पायरीवर टेकल्या. खरंच होतं. जे मागितलं होतं ते अक्षर न अक्षर मिळालं होतं. जागा रिकामी करून मागितली होती, रिकामी झाली होती. देवाशी भांडायला तोंडच नव्हतं. नवस फेडला नाही तर उद्या याहून काही वाईट झालं तर? आणि फेडला, तर आपण हे घडलं म्हणून देवाचे आभार मानतोय असं नाही का होत? सपनाला विचारलं तर ती म्हणाली, "तुमाले बरं वाटत असन तसं करा, आई." बरं कशानं वाटेल, हेच तर कळत नव्हतं.

शनिवारी निकेश दुकान बंद ठेवून बापाजवळ बसला. पारावर बायकांनी गोवऱ्या पेटवल्या, कणकेचे रोडगे त्या निखाऱ्यांच्या आरात लावले, शेजारी मोठ्या गंजात वांग्याची भाजी शिजायला ठेवली. थंडीचे दिवस, धूर जमिनीलगत पसरत होता. बायका हात शेकत होत्या. विमलाबाईंनी भाजी ढवळता ढवळता विचारलं, "कायचा नवस होता हो, अनुसयाबाई? सरले बरं वाटावं म्हणून?"

"हो," अनुसयाबाई म्हणाल्या. रुख्माबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मान वळवून आर सारखा करायला घेतला.

"मंग आता कसे आहे सर? बोलते काय थोडंफार?"

"आराम आहे," अनुसयाबाई म्हणाल्या, आणि नारळ घेऊन मारुतीसमोर गेल्या.

नारळ ठेवला. उदबत्ती लावली. हात जोडले. हात जोडले की ओठांवर मागणं आपोआप यायचं, इतक्या वर्षांची सवय. आज आलं नाही. तो शब्द परत दे म्हणावं, तर उद्या छाती भरून आली आणि तोच तोंडात असताना प्राण गेला तर? तुझं नाव दे म्हणावं, तर त्या नावापायीच तर त्या माणसानं तोंड मिटलं. काहीच नको म्हणावं, तर मग इथं आलो कशाला? आणि काही मागायची भीती तर सगळ्यांत मोठी. हा देतो, हे आता त्यांना पक्कं ठाऊक झालं होतं. पण आपण मागतो ते त्याला कसं ऐकू जातं, याची खात्री राहिली नव्हती.

शेंदराचा तो चेहरा जसाच्या तसा होता. त्या हात जोडून उभ्या राहिल्या. उदबत्तीची राख वाकून पडली.

"अवं अनुसयाबाई!" मागून विमलाबाई ओरडल्या. "या ना इकडे, रोडगे जळून राह्यले ना!"

त्यांनी मारुतीपुढे नुसतं डोकं टेकवलं, पदर खोचला, आणि आराशी जाऊन बसल्या. एकेक रोडगा चिमट्यानं उलटवायला लागल्या.